बहीण, भागीदार असो वा नसो

"चार वाजता माणूस येणार आहे, आणि या घरात अजून पेनाचा पत्ता नाही," मोठे काका म्हणाले.

पेन त्यांच्या खिशालाच होतं. काकूंनी ते काढून टेबलावर ठेवलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. काकू बोलल्या नाहीत यावरूनच ओळखायला हवं होतं की आजचा दिवस साधा नाही.

रविवारची दुपार होती. दुकानाच्या वरच्या खोलीत, ज्या लांब टेबलावर एरवी चामड्याचे ताव कापायला पसरत, तिथे आज करारनामा पसरला होता. अठ्ठावीस पानं. जागा, शिलाईची यंत्रं आणि दारावरचं नाव असं सगळं एका बड्या बूट कंपनीला जाणार होतं. विक्रेते दोन, मोठे काका आणि बाबा. काकांना आता या धंद्यातून सुटायचं होतं, आणि बाबा काकांना नाही म्हणायला जन्मात शिकले नव्हते. आई दवाखान्यात ड्युटीवर होती, म्हणजे बाबांना कोपरानं ढोसायलाही कुणी नव्हतं. आत्या खालीच होती. तिच्या कानशीचा लाकडावरचा आवाज जिन्यातून वर येत होता, रोज यायचा तसाच.

"वकीलसाहेब, जरा नजर फिरवा," काकांनी कागद बारकीपुढे सरकवले. "नुसती फिरवायची हं. खोदकाम नको."

बारकी म्हणजे बाबांची मुलगी. घरात सगळ्यांत उंच तीच, पण लहानपणी पडलेलं नाव उंचीला जुमानत नाही. कायद्याच्या चौथ्या वर्षाला होती. एका मोठ्या कॉर्पोरेट फर्ममधल्या तिच्या सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपचे चार आठवडे झाले होते. चार आठवड्यांत तिनं कोर्टाचं तोंडही पाहिलं नव्हतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती दुसऱ्यांचे करार वाचत होती, स्वल्पविराम मोजत होती, आणि तिला ते भयंकर आवडत होतं. हे घरी सांगायची मात्र चोरी. स्वल्पविराम मोजायला एवढी फी भरली का, असं काकांनी विचारलं असतं.

तिनं गठ्ठा उलटा केला आणि शेवटचं पान वर घेतलं.

"अगं, सुरुवातीपासून वाच!"

"आम्हाला शेवटून वाचायला शिकवलंय, काका."

शिकवलं होतं ते पूर्णविराम मॅडमनी. इंटर्न मुलांनीच त्यांचं हे नाव पाडलं होतं, कारण कुणी पाल्हाळ लावलं की त्या टेबलावर बोट टेकवत आणि माणूस तिथल्या तिथे थांबे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं होतं, "करार मागून वाचायचा. पुढच्या खोल्या पाहुण्यांसाठी असतात. घर कसं आहे ते मागच्या दारानं कळतं."

मागच्या दाराला परिशिष्ट होतं. यंत्रं सात. कापायचे सुरे चौदा. आणि सगळ्यांत खाली, 'इतर लाकडी साहित्य, नग तीनशे बारा'.

बारकीनं तो आकडा दोनदा वाचला. तीनशे बारा आत्याचे कलबूत होते. कलबूत म्हणजे ज्याच्यावर चढवून बूट शिवतात ते लाकडी पाऊल. ज्यांच्या पायाला जगातल्या कुठल्याच दुकानाचा जोडा होत नाही, अशांच्या पायांचे कलबूत आत्या घडवायची. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. 'टपालवाला, उजवा.' 'शिक्षिका, डावा आखूड.' 'नाचणारी, दोन्ही, बोटं वळलेली.' त्या पायांची माणसं दुकानात यायची ती काकांच्या नावावर नाही, बाबांच्याही नाही.

"आत्याचे कलबूत यादीत कसे?"

"अगं, त्या लाकडाचं त्यांना काय करायचंय? यादी भरलेली दिसावी म्हणून घातलं असेल. मी विचारलंय त्या माणसाला. तो म्हणाला, ताईंचं काम ताईंनी घरात खुशाल चालू ठेवावं."

"म्हणाला?"

"म्हणाला. माझ्या तोंडावर म्हणाला."

"आणि लिहिलंय कुठे?"

"झालं हिचं खोदकाम सुरू," काका बाबांकडे बघून म्हणाले. बाबांनी हसायचं म्हणून हसून घेतलं.

बारकी मागून पुढे येत राहिली. सह्यांच्या पानावर दोन रेघा, दोन भावांसाठी. मग कलम अकरा. विक्रेते आणि त्यांचे कुटुंबीय दहा वर्षं पादत्राणं घडवण्याचं वा दुरुस्त करण्याचं कोणतंही काम, मोबदल्यानं वा विनामोबदला, करणार नाहीत. कुटुंबीयांपैकी कुणी केल्यास तो विक्रेत्यांनीच केलेला करारभंग समजला जाईल. तिला हे कलम ओळखीचं वाटलं, पण अशी कलमं सगळीकडे सारखीच असतात. 'कुटुंबीय' म्हणजे कोण ते बघायला तिनं दुसऱ्या पानावरच्या व्याख्या काढल्या.

*'कुटुंबीय' म्हणजे पती, पत्नी, आई, वडील व मुलं, तसेच विक्रेत्याचा भाऊ आणि बहीण, मग ती विवाहित असो वा नसो, व्यवसायात भागीदार असो वा नसो.*

'तसेच'पासून पुढचं वाक्य तिचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी तिला एक कोरा मसुदा दिला होता. नावांच्या जागी नुसते ठिपके, आणि डोक्यावर कामाचं टोपणनाव, 'बगळा'. फर्ममध्ये सगळ्या व्यवहारांना पक्ष्यांची नावं असत, म्हणजे लिफ्टमध्ये कुणी बोललं तरी कुणाला पत्ता लागत नसे. "यातल्या पळवाटा शोध आणि बुजव," मॅडम म्हणाल्या होत्या. बारकीनं व्याख्येत पती, पत्नी, आईवडील, मुलं एवढेच बघितले आणि तिला हसू आलं. हे काय कुटुंब झालं? आपल्या घरात तर सगळ्यांत जास्त काम करते ती आत्या, आणि ती कुणाची पत्नी नाही, आई नाही, भागीदारही नाही. तिनं आत्याला डोळ्यांपुढे ठेवून ते वाक्य लिहिलं. कौतुकानं लिहिलं. मॅडमनी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "बहिणीला सगळे विसरतात. छान." त्या एका 'छान'वर बारकी आठवडाभर तरंगत होती.

तिनं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बघितलं. 'बगळा, मसुदा ४.'

तिचे कान तापले. भीती वाटली, लाज वाटली, आणि मग एकाएकी डोकं अगदी स्वच्छ झालं. तिनं पानं होती तशी लावली आणि गठ्ठा टेबलाच्या मध्यावर ठेवला.

"मला हे पुढे वाचता येणार नाही," ती म्हणाली. "आणि मी एक फोन करून येईपर्यंत कुणी सही करायची नाही."

"कुणाला सांगतेस?" काका म्हणाले.

"तुम्हाला," बारकी म्हणाली आणि जिन्याकडे गेली.

---

काकांना राग यायला हवा होता. आलाही, पण तो नेहमीसारखा वर चढला नाही. पोरगी त्यांच्याशी अशी कधी बोलली नव्हती. त्यांनी कागद जवळ ओढला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. अक्षरं मुंग्यांसारखी हलत होती.

डोळ्यांचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात त्यांनी तीन अख्खे ताव तिरपे कापले. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नवा ताव नीट कापून ठेवलेला होता आणि वाकडा गायब. बहीण त्यांच्याआधी दुकानात येते, हे त्यांना माहीत होतं. तिनं एका शब्दानं विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. ज्या दिवशी तिसरा ताव बदललेला दिसला, त्याच दिवशी त्यांनी कंपनीच्या माणसाला हो म्हणून टाकलं. दुकान विकायचं कारण घरात त्यांनी बाजार, स्पर्धा, जमाना असं काहीबाही सांगितलं होतं.

"दादा, काय लिहिलंय त्यात एवढं?" बाबांनी विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझ्या मुलीला विचार," काका म्हणाले, कारण वाचता येत नाही हे म्हणण्यापेक्षा हे सोपं होतं.

---

जिन्याच्या मधल्या वळणावर उभं राहिलं की वरची कुजबुज आणि खालची कानस दोन्ही ऐकू येतात. बारकीनं तिथूनच फोन लावला.

"रविवार आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. बगळा व्यवहारातले विक्रेते माझे वडील आणि काका आहेत. मला आत्ता, दहा मिनिटांपूर्वी कळलं. करार आमच्या टेबलावर आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"किती वाचलंस?"

"शेवटपासून व्याख्यांपर्यंत. मग थांबले."

"बरोबर केलंस. या क्षणापासून तू या कामावर नाहीस. उद्या लॅपटॉप जमा कर. बाकी तुझं काय करायचं ते मी फर्मच्या भागीदारांशी बोलून ठरवीन, आणि ते तुझ्या मनासारखं होईलच असं नाही. घरच्यांना सांग, स्वतःचा वकील करा. सल्ला द्यायचा नाहीस. पूर्णविराम."

"मॅडम, एक राहिलं. कुटुंबीयांच्या व्याख्येतलं ते वाक्य माझं आहे. ते मी घरी सांगणार आहे."

"गरज आहे?"

"माझ्या आत्याचं काम बंद होतंय त्यानं. उद्या तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मी या घरात राहू शकणार नाही." तिचा आवाज हलला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "मी विचारत नाहीये, मॅडम. कळवतेय."

मॅडमनी सुस्कारा सोडला. टेबलावर बोट टेकवल्यासारखा एक आवाज आला.

"तुझ्या हातानं काय लिहिलंस ते तू बोलू शकतेस. माझ्या अशिलाबद्दल एक अक्षर नाही."

"नाही, मॅडम."

फोन बंद झाला. इंटर्नशिप संपल्यावरही परत ये, तुझ्यासाठी नोकरीची खुर्ची ठेवते, असं मॅडम गेल्याच शुक्रवारी म्हणाल्या होत्या. बारकीनं त्या खुर्चीचा विचार केला, तो बाजूला ठेवला आणि जिन्यातून खाली हाक मारली.

"आत्या, वर ये. चष्मा घेऊन ये."

---

आत्या हात पुसत वर आली. केसात भुसा, एप्रनच्या खिशात कानस. टेबलाभोवती सगळे असे बसले होते, जणू कुणाची तरी वाट बघतायत, आणि ती आपली असेल असं तिला वाटलं नाही. दुकानात काढलेल्या एकतीस वर्षांत या टेबलाशी तिला बसायला बोलावलं गेलं ते फक्त चहा प्यायला.

"हा करार ज्या ऑफिसातून आलाय तिथे मी काम करते," बारकी उभ्यानंच म्हणाली. "मला आत्ता कळलं. त्यामुळे मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. सही करा म्हणू शकत नाही, करू नका म्हणू शकत नाही. दुसरा वकील बघा एवढंच म्हणू शकते. पण कागद तुमचा आहे, तो तुम्ही वाचायचा. मोठ्यानं. आत्या वाचेल."

"ती कशाला? तिचा काय संबंध?" बाबा म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ते कसंसंच लागलं.

"कलम अकरा," बारकी म्हणाली. "मग दुसऱ्या पानावर 'कुटुंबीय'."

आत्यानं चष्मा लावला. ती वाचायची ती बोट ठेवून, लाकडाची शीर बघावी तशी, सावकाश. 'कोणतंही काम' वाचलं. 'मोबदल्यानं वा विनामोबदला' वाचलं आणि थांबली.

"म्हणजे फुकटसुद्धा नाही?"

तिनं त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"शिक्षिकेचा डावा जोडा पुढच्या आठवड्यात द्यायचाय मला. ती शाळेत उभी कशी राहणार?" मग ती काकांकडे वळली. "दादा, तू म्हणाला होतास, घरात बसून कर."

"तो म्हणाला होता गं," काका म्हणाले. "माणूस तसं म्हणाला होता."

"माणूस एक म्हणाला आणि कागद दुसरंच बोलला," काकू म्हणाल्या. हे त्यांचं दुपारपासूनचं पहिलं वाक्य.

आत्यानं पानं मागे नेली, बोट ठेवलं. "पती, पत्नी, आई, वडील व मुलं. तसेच विक्रेत्याचा भाऊ आणि बहीण, मग ती विवाहित असो वा नसो, व्यवसायात भागीदार असो वा नसो." तिनं पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. मग चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "हे आपल्या घरात डोकावून कुणी लिहिलं?"

"मी," बारकी म्हणाली.

बाबा खुर्चीतून उठले. "तू?"

"कुणासाठी आहे ते मला माहीत नव्हतं. नावं नव्हती. मला म्हणाले, कुटुंबात कोणी सुटलंय का बघ. मला वाटलं, आत्या सुटलीये."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "तुला दुसरं काही सुचलं नाही? तिलाच अडकवायचं सुचलं?"

"मला अडकवायचं नव्हतं, बाबा! घर म्हटलं की मला तीच दिसते, म्हणून लिहिलं. चुकलं. चूक माझी आहे आणि ती मी ऑफिसातही सांगितलीये, इथेही सांगतेय."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. राग यावा असं आत्याला वाटत होतं, आणि तो कुठेच सापडत नव्हता. पोरीच्या पायात अजून तो तपकिरी बूट होता, कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी आत्यानंच केलेला. त्याचा कलबूत खाली फळीवर होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बारकी, दोन्ही, लांब'.

"बस खाली," आत्या म्हणाली. "उगाच उभी राहून टाचा झिजवू नकोस."

"मी एक बोलू?" काकू म्हणाल्या. परवानगीची वाट त्यांनी कधीच बघितली नव्हती, आजही बघितली नाही. "एकतीस वर्षं मी हिच्याशी भांडत आले. भुशावरून भांडले, नळावरून भांडले, माझी चांगली कात्री हिनं चामड्याला लावली म्हणून तर सहा महिने अबोला धरला. उद्या ही रिकाम्या हातानं घरात बसली, तर मी भांडू कुणाशी? भिंतीशी?" त्यांचा आवाज मध्येच फाटला. "तुम्ही दोघे दुकान विका नाहीतर डोक्यावर घेऊन फिरा. पण हिचे हात तुमचे नाहीत विकायला."

बाबा हळूहळू खाली बसले, पण बसले ते काकांच्या शेजारच्या खुर्चीवर नव्हे, आत्याच्या.

आत्यानं बोट अजून त्या ओळीवरून उचललं नव्हतं.

"बारके, एक सांगू? तू लिहिलंस ते वाईट लिहिलं नाहीस. या दुकानाचे कागद मी लहानपणापासून बघतेय. परवाना, भाडं, भागीदारी. कुठल्याच कागदावर मी नव्हते. हा पहिला." ती हसली आणि तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलं नाही. "पहिल्यांदा कुटुंबात धरलं, तेही काम बंद करायला."

बाबांनी घड्याळाकडे बघितलं. पावणेचार झाले होते.

"दुकान विकू नका, असं मी म्हणत नाही," आत्या पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज रोजचा होता, चामडं कमी पडतंय हे सांगतानाचा. "दादा, तुझं कारण मला ठाऊक आहे. ते तू सांगशील तेव्हा सांग. पण बंधन माझ्यावर घालायचं असेल, तर सहीच्या पानावर मला घ्या. मग मी बघीन काय विकायचं आणि काय नाही. तीनशे बारा पाय विकायचे नाहीत, हे आत्ताच सांगते."

---

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तसाही तो काही उपयोगाचा नव्हता.

"डोळे गेलेत माझे," ते म्हणाले. "तीन ताव वाया घालवले मी. हिनं परत कापून ठेवले आणि मला बोलली नाही. म्हणून विकतोय. बाजार वगैरे काही नाही."

काकूंनी तोंडाला पदर लावला. बाबांनी थोरल्या भावाकडे असं बघितलं, जणू ते पहिल्यांदाच भेटत होते.

"हे आधी बोलला असतात तर?" काकू म्हणाल्या.

"बोललो असतो, तर तुम्ही मला खुर्चीत बसवून ठेवलं असतं." काकांनी सहीचं पान हातानं चाचपलं. "बारके, सहीच्या किती रेघा आहेत यावर?"

"काका, मी सल्ला—"

"सल्ला कोण मागतंय? आंधळा माणूस रेघा मोजायला सांगतोय."

"दोन," बारकी म्हणाली.

खाली दारावरची घंटा वाजली. कंपनीचा माणूस दहा मिनिटं लवकर आला होता. काका उठले, पेन उचललं, खिशाला लावलं, गठ्ठा काखेत मारला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. बारकी मागे निघाली, तशी आत्यानं तिचा हात धरून तिला बसवलं.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "पायऱ्या त्याला पाठ आहेत."

खालून दार उघडल्याचा आवाज आला. नमस्कार झाले. माणसानं विचारलं, "झाल्या का सह्या?"

"नाही. कागद परत न्या," काका म्हणाले. "एक सही कमी पडतेय."

"साहेब, काहीतरी घोटाळा होतोय. विक्रेते तर दोनच आहेत ना?"

"तुमच्या कागदात चुकलंय," काका म्हणाले, आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आम्ही तीन भावंडं आहोत."